वाचकांचे प्रश्न : बांधाला खांड पडली तर रात्री कोण धावणार?

गेल्या महिन्यात याच पानांवर मी बांगलादेशातल्या खुलना-सातखीरा भागात काढलेल्या सहा वर्षांबद्दल लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली, त्यांतली पाच इथे घेतली आहेत. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी माझी ओळख : जन्म पेणच्या खारेपाटातला, शिक्षण स्थापत्य अभियांत्रिकीचं, नोकऱ्या पाण्याच्या कामाच्या सल्लागार कंपन्यांत, आणि चार वर्षांपूर्वी निवृत्त. त्यामुळे आता स्पष्ट बोलायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

ताई, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते आहे. हवामानबदलाशी जुळवून घेण्यासाठी अल्पविकसित देश करतात त्या ‘नापा’ आणि ‘नॅप’ या आराखड्यांत नेमका फरक काय? नोट्समध्ये दोन्हींची व्याख्या सारखीच वाटते. आणि भारत या अल्पविकसित देशांत येतो का?
— विद्यार्थिनी, कोल्हापूर

शेवटचं आधी सांगते. नाही, भारत त्या यादीत कधीच नव्हता. संयुक्त राष्ट्रांनी १९७१ मध्ये ही यादी केली तेव्हा तीत २५ देश होते, आज ४४ आहेत. दरडोई उत्पन्न, लोकांचं आरोग्य-शिक्षण आणि संकटात कोलमडण्याचा धोका, या तीन गोष्टी पाहून नाव घालतात किंवा काढतात. आपल्या शेजारचे बांगलादेश, नेपाळ, म्यानमार, अफगाणिस्तान यादीत आहेत. भूतान डिसेंबर २०२३ मध्ये बाहेर पडला.

आता नापा आणि नॅप. तुझं माहेर-सासर घाटावरचं असेल तर हे उदाहरण जरा परकं वाटेल, पण कोकणातल्या कोणालाही विचार. जूनमध्ये पहिला पाऊस पडतो आणि स्वयंपाकघरात नेमकं चुलीवर गळायला लागतं. आई धावत पातेलं ठेवते. हे झालं नापा. हवामानबदलाच्या वाटाघाटींत २००१ साली माराकेशला ठरलं, की गरीब देशांनी मोठमोठे अभ्यास करत बसू नये. आज, आत्ता जिथे गळतंय तिथली यादी करावी आणि त्यासाठी त्यांना वेगळा निधी मिळावा. सगळ्यांत पहिली यादी मॉरिटानियाने दिली, २००४ च्या नोव्हेंबरमध्ये. बांगलादेशची २००५ मध्ये आली, भूतानची २००६ मध्ये, नेपाळची २०१० मध्ये.

नॅप म्हणजे शाकारणी. कौलं उतरवायची, कुजलेले वासे बदलायचे, पुढची वीस-पंचवीस वर्षं डोळ्यांसमोर ठेवायची. शेती, पाणी, आरोग्य, रस्ते, सगळ्या खात्यांच्या नेहमीच्या नियोजनात ते घुसवायचं. याचा निर्णय २०१० मध्ये कानकुनला झाला. अल्पविकसित देशांच्या तज्ज्ञ गटाने २०१२ मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. नेपाळचा नॅप २०२१ चा, बांगलादेशचा २०२२ चा. परीक्षेत ‘तातडीचं’ आणि ‘मध्यम व दीर्घ मुदतीचं’ असं लिही, गुण मिळतील. पण एक मात्र लक्षात ठेव : शाकारणी दर वर्षी करावी लागते. आराखडे लिहिणारे नेमकं हेच विसरतात. पुढच्या पत्राला उत्तर देताना मी त्यावर तोंड सोडणारच आहे.

बाई, रागावू नका, पण हे सगळे आराखडे म्हणजे तुमच्यासारख्या सल्लागारांची पोटं भरण्याचं साधन नव्हे काय? जाड कागदाचे अहवाल, पहिल्या पानावर हसऱ्या खेडूत बाईचा फोटो. त्याने एखाद्याचा तरी जीव वाचला का?
— निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

गुरुजी, रागावले नाही. फोटोचं तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत. माझ्या एका अहवालावर होता तो, आणि ती बाई हसत नव्हती, उन्हाने तिचे डोळे बारीक झाले होते.

जीव वाचले का? वाचले. १२ नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळात आजच्या बांगलादेशच्या किनाऱ्यावर किमान तीन लाख माणसं गेली. १९७२ मध्ये त्यांनी चक्रीवादळ पूर्वतयारीचा कार्यक्रम सुरू केला. गावोगाव स्वयंसेवक, हातात कर्णा, काठीला झेंडे. एक झेंडा म्हणजे सावध राहा, तीन झेंडे म्हणजे निघा. १९९१ च्या वादळात तरीही सुमारे १ लाख ३८ हजार माणसं मेली, म्हणून आश्रयस्थानं वाढवली. मे २०२० मध्ये अम्फान आलं तेव्हा, ऐन कोविडमध्ये, चोवीस लाखांच्या आसपास माणसं हलवली. बांगलादेशातले मृत्यू तिसाच्या आत राहिले. सगळी वादळं सारख्या ताकदीची नसतात हे मान्य. पण लाखांवरून दोन आकडी संख्येवर येणं हे वाऱ्याच्या मर्जीने होत नाही. आज त्या कार्यक्रमात ७६ हजारांहून जास्त स्वयंसेवक आहेत आणि त्यांतल्या निम्म्या बायका आहेत.

बायकांचं का सांगते? १९९१ मध्ये बायका जास्त मेल्या. आश्रयस्थानात परक्या पुरुषांच्या गर्दीत, वेगळी मोरी नाही अशा ठिकाणी जायला त्या कचरल्या, आणि घर-गुरं सोडून निघायला घरच्यांच्या शब्दाची वाट बघत बसल्या. मला हे पुस्तकात वाचून माहीत होतं. तरीही सातखीऱ्यातल्या एका गावात मी पहिली बैठक सकाळी दहाला ठेवली. कामांची नावं लिहिलेल्या चिठ्ठ्या जमिनीवर मांडल्या, प्रत्येकाला दहा-दहा चिंचोके दिले आणि सांगितलं, ज्या कामाला आधी पैसे मिळावेत त्यावर ठेवा. पुरुषांनी सगळे चिंचोके बांधावर ओतले. बायका चारच होत्या. बाकीच्या कुठे, तर गोड्या पाण्याला गेलेल्या. विहिरीचं पाणी खारट, तळ्याचं पाणी दोन गावं पलीकडे. ‘नोना पानी’ आणि ‘मिष्टी पानी’, खारं आणि गोडं, या दोन शब्दांभोवती त्यांचा अख्खा दिवस फिरतो, आणि मी त्याच वेळेला बैठक ठेवलेली!

दुसऱ्यांदा संध्याकाळी बसलो. मग बायकांनी चिंचोके चिठ्ठीवर ठेवलेच नाहीत, दोन चिठ्ठ्यांच्या मधल्या रिकाम्या जमिनीवर ठेवले. एकीने सांगितलं, आश्रयस्थानात बायकांची वेगळी मोरी, आणि खाली गाई-बकऱ्यांना जागा. ते माझ्या यादीत नव्हतंच. चांगल्या आराखड्यात कोऱ्या चिठ्ठ्या ठेवाव्यात, हे मी तिथे शिकले. पगार मात्र शिकवण्याचा घेत होते.

आता तुमच्या शंकेतला खरा भाग. त्या किनाऱ्यावर १९६० च्या दशकापासून बांधांनी वेढलेली १३९ बेटं तयार केली गेली. त्यांना पोल्डर म्हणतात. आपल्या खारबांधासारखंच, फक्त अवाढव्य. खारं पाणी बाहेर, भात आत. पंधरा-वीस वर्षं भात सुरेख आलं. पण त्या नद्या वर्षाला शंभर कोटी टनांच्या घरात गाळ आणतात. आधी तो भरतीबरोबर बिलांत, म्हणजे सखल पाणथळ शेतांत, पसरायचा. बांध आले, गाळाला आत येता येईना, तो नदीतच बसला. नदीचं पात्र वर आलं, आतली जमीन दबून खाली गेली. १९८० च्या दशकात शेतं पावसाच्याच पाण्यात बुडाली, कारण ते बाहेर जायला उतारच राहिला नाही.

मग लोकांनी काय केलं? स्वतःचाच बांध फोडला! १९९० मध्ये डाकातिया बिलात, आणि ऑक्टोबर १९९७ मध्ये हारी नदीकाठच्या भायना बिलात. भरतीचं गढूळ पाणी आत आलं, गाळ शेतात बसला, ओहोटीला निवळलेलं पाणी जोराने बाहेर पडताना नदीचा तळ खरवडत गेलं. चार वर्षांत बांध फोडलेल्या जागेजवळची जमीन निदान पुरुषाच्या कमरेइतकी वर आली, नदी खोल झाली. शिकलेल्या इंजिनियरांना जे सुचलं नाही ते तिथल्या शेतकऱ्यांना पूर्वापार ठाऊक होतं. नंतर सरकारी खात्याने हीच युक्ती उचलली, तिला ‘भरती-नदी व्यवस्थापन’ असं भारदस्त नाव दिलं आणि ती आराखड्यांत गेली.

आणि इथेच घोडं पेंड खातं. लोकांनी आपणहून केलं तेव्हा कोणाचं शेत किती वर्षं पाण्याखाली जाणार हे त्यांनी आपसात बोलून ठरवलं होतं. योजना झाल्यावर प्रश्न आला भरपाईचा. खुकशिया बिलात कित्येकांना ती मिळायला कठीण गेलं, कारण जमीन अजून आज्याच्या नावावर आणि वारस अकरा. सातबारा ज्यांनी हाताळलाय त्यांना मी अधिक सांगायला नको. पुढच्या कपालिया बिलात लोक आडवे उभे राहिले आणि काम अडलं. युक्ती तीच, गाळ तोच, पण विश्वासाचा बांध आधीच फुटला होता.

तेव्हा गुरुजी, सगळे अहवाल पोट भरण्यासाठी नसतात. पण एक गोष्ट मी वारंवार पाहिली. गावांत पावसाचं पाणी साठवायच्या टाक्यांचा एक प्रस्ताव मी तयार केला होता. त्यात एक ओळ ‘डागडुजी, दर वर्षी’ अशी होती. पैसे देणाऱ्यांच्या कचेरीतून कागद परत आला तेव्हा टाक्या वाढल्या होत्या आणि ती ओळ उडाली होती. टाक्यांचं उद्घाटन होतं, तोटीच्या वायसरचं कोण करतं? दोन वर्षांनी मी परत गेले तर एका टाकीत कोंबड्या होत्या. मी ती ओळ परत घालायला भांडायला हवं होतं. भांडले नाही.

नमस्कार. गेल्या ऑक्टोबरात एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक केला. वाटाड्याने सांगितलं की जवळच्या इम्जा तलावातून सैन्याने पाणी काढून टाकलं. तलावातून पाणी काढून काय साधतं? आणि हे तुमच्या त्या आराखड्यांतलंच का?
— ट्रेकर, पुणे

मी एकदा दिंगबोछेपर्यंत गेले होते, पुढे गुडघ्यांनी नकार दिला. तुमचं कौतुक वाटतं.

हो, आराखड्यातलंच. हिमनदी वितळून मागे सरकते आणि तिच्याच दगडमातीच्या ढिगाऱ्यामागे पाणी साचतं. तो ढिगारा म्हणजे काही धरण नव्हे, नुसता रचलेला राडारोडा, कधीकधी पोटात बर्फ असलेला. वरून कडा कोसळला, लाट उसळली, की तो फुटतो. १९८५ च्या ऑगस्टमध्ये त्याच खुंबू भागात दिग त्शो तलाव असाच फुटला आणि जवळपास बांधून झालेलं वीजघर घेऊन गेला. भूतानमध्ये ऑक्टोबर १९९४ मध्ये लुग्गे तलावाच्या पुराने पुनाखापर्यंत एकवीस माणसं मारली. म्हणून भूतान आणि नेपाळ या दोघांच्याही तातडीच्या यादीत हिमतलाव होते. भूतानने थोरथोर्मी तलावावर माणसं पाठवली, ती बर्फाच्या पाण्यात उभी राहून हातांनी दगड उपसत होती. नेपाळने २०१६ मध्ये इम्जाला, ५,०१० मीटर उंचीवर, सैन्याकडून एक चर खोदून दरवाजे बसवले आणि पातळी ३.४ मीटरने खाली आणली. त्या हवेत दिवसातून मोजकेच तास काम होतं. यातला पैसा अल्पविकसित देशांच्या त्याच निधीतून आला.

पण वाटाड्याने त्शो रोल्पाची गोष्ट सांगितली का? रोल्वालिंग खोऱ्यातला हा तलाव. १९९८ मध्ये त्याच्या खालच्या गावांत भोंगे बसवले, पूर आला की आपोआप वाजतील असे. २००० मध्ये पातळीही तीन मीटर उतरवली. भोंगे त्या काळी फार नावाजले गेले. देशात माओवादी संघर्ष चालू होता, वर जाऊन बघणारं कोणी नव्हतं, बॅटऱ्या आणि सौर पट्ट्या हळूहळू लोकांच्या घरी गेल्या. चार-पाच वर्षांत सगळे मुके. गावकऱ्यांना दोष देऊ नका. रोज रात्री दिवा लावायला लागतो, पूर कधीतरी येतो.

आणि १६ ऑगस्ट २०२४ रोजी थामे गावावर पाणी आलं ते धोकादायक तलावांच्या यादीत नसलेल्या लहान तळ्यांतून. शाळा, दवाखाना, घरं गेली, माणसं वाचली. दिवसाउजेडी आलं म्हणून.

ज्यांनी धूर सोडला ते मोकळे, आणि आराखडे लिहायचे गरिबांनी? हा कुठला न्याय?
— एक वाचक, नाशिक

न्याय नाहीच. २०१९ मध्ये जगाच्या एकूण हरितगृह वायूंत सगळ्या अल्पविकसित देशांचा मिळून वाटा ३.३ टक्के होता.

पैशाचं सांगते. नेपाळच्या नॅपमध्ये २०५० पर्यंतच्या ६४ कार्यक्रमांना ४७.४ अब्ज डॉलर लागतील असं लिहिलंय. त्यांतले स्वतः दीड अब्ज घालू, बाकी जगाने द्यावेत. बांगलादेशचा आकडा २०५० पर्यंत २३० अब्ज. २०२१ मध्ये ग्लासगोला श्रीमंत देशांना विनंती झाली, की जुळवून घेण्यासाठीची मदत २०१९ च्या दुप्पट करा. जी येते तीतलीही बरीचशी कर्ज म्हणून येते. अल्पविकसितांचा खास निधी अनुदान देतो, हे त्याचं मोठेपण. पण तो ऐच्छिक देणग्यांवर चालतो. ही भिशी नव्हे की पाळी आली आणि मिळाले. ही गणपतीची वर्गणी आहे, शेजारचा दारातून काय काढेल ते.

म्हणून बांगलादेशने २०१० मध्ये कायदा करून स्वतःच्या अर्थसंकल्पातून हवामान निधी उभारला. नेपाळने २०११ च्या धोरणात लिहून ठेवलं, की मिळालेल्या पैशातला किमान ८० टक्के वाटा गावपातळीवर जावा. कागदावरचा आकडा आहे, माहीत आहे. तरी कागदावर तो असला की गावच्या माणसाला बोट ठेवायला जागा मिळते. आणखी एक गुंता असा, की संयुक्त राष्ट्रांनी बांगलादेश आणि नेपाळला यादीबाहेर काढायची तारीख २४ नोव्हेंबर २०२६ ठरवली. परीक्षेत पास झाला म्हणून शिष्यवृत्ती बंद. समुद्राला मात्र निकाल कळवलेला नाही.

ताई, मी तुमच्याच तालुक्यातला. उधाणाला बांध फुटतो, खांड गेली की खारं पाणी शेतात, मग दोन-तीन वर्षं भात नाही. बांध आणखी उंच केला की भागेल का? तिकडचं काही आपल्याकडे चालेल का? आणि सहज विचारतो, तिकडे जिताडा मासा मिळतो का?
— शेतकरी, पेण तालुका

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. लहानपणी उधाणाच्या रात्री आमच्या घरी कोणी झोपत नसे. ‘खांड पडली’ अशी हाळी आली की बाबा पेंढ्याचे भारे घेऊन धावायचे, मागे सगळी आळी. चिखल, पेंढा, पुन्हा चिखल. सकाळी सगळे एकाच रंगाचे.

नुसता उंच करून भागणार नाही. उंच बांध फुटतो तेव्हा आत शिरणारं पाणीही तितकंच जास्त असतं, आणि ते परत जायला वाट नसते. मे २००९ मध्ये आयला वादळात बांगलादेशातल्या दाकोपचा ३२ नंबरचा पोल्डर फुटला, तर जवळजवळ दोन वर्षं भरती-ओहोटी लोकांच्या अंगणात खेळत होती. माणसं बांधावर झोपड्या घालून राहिली. तिथला बांध कमकुवत होण्याचं एक कारण तुमच्याही ओळखीचं असेल. बागदा कोळंबीची तळी करणाऱ्यांनी खारं पाणी आत घ्यायला बांधाला जागोजागी पाइप घुसवले होते. त्याविरुद्ध उभं राहताना २२ नंबरच्या पोल्डरमध्ये हरिणखोला इथे करुणामयी सरदार ही बाई ७ नोव्हेंबर १९९० रोजी गोळीबारात मारली गेली. तो पोल्डर कोळंबीवाल्यांना मिळाला नाही. गोव्याच्या खाजणांतही, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतांतही, हाच ताण आहे. मानशीवरच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दरवाजावरच्या, मासळीचा लिलाव आधी बांधाच्या देखभालीसाठी व्हायचा, पुढे मासळीच मुख्य झाली आणि खारं पाणी आत ठेवण्यात काहींचा फायदा दिसू लागला.

गाळ आत घेण्याची त्यांची युक्ती आपल्याकडे जशीच्या तशी आणू नका. आपल्या अंबा-भोगावतीला गंगेचा गाळ नाही. चालेल ते असं : बांधाच्या बाहेरच्या अंगाला कांदळवन राखा, ते लाटेचा जोर मोडतं. खारं सोसणारं बी घरात ठेवा. तिकडे ब्री धान ६७ आहे, आपल्याकडे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने काढलेले वाण आहेत. आणि सगळ्यांत आधी उघाडीकडे, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दरवाजाकडे, बघा. झडप नीट मिटते का, नीट उघडते का? मी पाहिलेल्या निम्म्या खांडी बांधाच्या अंगात नव्हत्या, उघाडीच्या कडेला होत्या.

आपल्याकडे पूर्वी शिलोत्रीची पद्धत होती. बाहेरचा बांध राखायची जबाबदारी एकाची, बदल्यात तो शेतकऱ्यांकडून ठराविक भात घ्यायचा. ती पद्धत गोड होती असं मी म्हणणार नाही, तिच्यात पिळवणूकही होती. पण बांध कोणाचा हे पोरालाही माहीत असायचं. १९७९ च्या खारजमीन कायद्यानंतर बांध सरकारी झाला आणि रात्री धावणारी आळी घरी झोपली. ग्रामसभेत एवढंच लिहून घ्या : उघाडीची जबाबदारी कोणाकडे, गैरहजेरीत कोण, पावसाळ्याआधी कुठल्या तारखेला तपासणी, आणि ग्रीस व फळ्यांचे पैसे कुठून. अर्धं पान होईल. बांगलादेशच्या जाडजूड आराखड्यात मी शोधत होते ते हेच अर्धं पान होतं.

जिताडा मिळतो. भेटकी म्हणतात. मोहरी वाटून केळीच्या पानात उकडतात. चांगला लागतो, पण आपलं आंबट-तिखट कालवण त्यांना खाऊ घातलं तेव्हा पातेलं पुसून खाल्लं त्यांनी.